सुताराचे तीन पट्टे

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुनी ते विचारू नका; ज्यांना नक्की ठाऊक होतं ते सांगायचे राहून गेले. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात एक सुतार राहत होता. हाताचा कसबी, आणि तोंडाचा त्याहून कसबी. गाडीचं चाक करावं तर त्यानंच, पाळणा करावा तर त्यानंच, आणि दुसऱ्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात तर त्याही त्यानंच.

त्या गावाची एक रीत होती. पाडव्याला दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या, की गावातली सगळ्यांत म्हातारी बाई गेरूची वाटी घेऊन निघायची. तिला सगळे विचारणारी आजी म्हणत. घरधन्यानं उंबऱ्यात उभं राहून नव्या वर्षात काय काय करणार ते सांगायचं. एकेका गोष्टीसाठी आजी दाराशेजारच्या भिंतीवर गेरूचा एकेक पट्टा ओढायची. मग दर चार महिन्यांनी ती पुन्हा यायची, तीही भर दुपारी, आणि एकच प्रश्न करायची, "कुठवर आलं?"

काम झालं असेल तर ती ओल्या फडक्यानं पट्टा पुसायची. नसेल झालं तर तसाच ठेवून पुढच्या घरी जायची. घरात डोकावणं नाही, खातरजमा नाही. घरधनी सांगेल ते खरं, अशीच रीत होती.

काम राहिलं म्हणून कुणाला कधी शिक्षा झाली नव्हती. फार तर लोक हसायचे. लोहाराच्या भिंतीवर गोठ्याला छप्पर घालण्याचा पट्टा सात वर्षं होता, आणि सातही वर्षं तो सगळ्यांच्या देखत डोकं खाजवत म्हणायचा, "नाही झालं बुवा, आजी." मग आजीही हसायची आणि म्हशीही उन्हात उभ्या राहायच्या.

त्या वर्षी पाडव्याला सुतारानं तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, मागचं दार करीन. साऱ्या गावाला दारं करून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घराला मागचं दार नव्हतं. तिथं आठ वर्षं गोणपाट लोंबत होतं. दुसरी, लेकीला लाकडावरचं कोरीव काम शिकवीन. येसू त्याची एकुलती एक लेक, नऊ वर्षांची. दोन वर्षं ती पटाशी घेऊन बापाच्या मागं मागं फिरत होती आणि बाप म्हणत होता, "उद्या."

तिसरी गोष्ट त्यानं जरा हळू आवाजात सांगितली. थोरल्या बहिणीकडे जाऊन येईन. बहीण डोंगरापलीकडच्या गावात राहायची. आईच्या तेराव्याला पंगतीत वाढण्यावरून दोघांत शब्दाला शब्द लागला होता, आणि पाच वर्षं अबोला होता.

आजीनं तीन पट्टे ओढले. सुतारानं मान ताठ करून आजूबाजूला पाहिलं.

चार महिने कसे गेले ते त्यालाच कळलं नाही. पलीकडच्या वाडीत तेल्याच्या घाण्याचं काम निघालं, सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. गोणपाट लोंबतच होतं. श्रावणातल्या एका दुपारी आजी विचारायला निघाली, आणि तिच्यामागं नेहमीप्रमाणं निम्मं गाव.

लोहाराच्या दारात नेहमीचाच हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं सुतार हसला. "अरे, एवढं लोखंड वाकवतोस, तुला स्वतःला वाकायला काय होतं?" लोहार ओशाळा हसला आणि आपल्या भात्याकडे वळला.

मग आजी सुताराच्या उंबऱ्याशी आली. गाव मागं उभं होतं. येसू बापाला बिलगून उभी होती. घराच्या मागच्या अंगाला गोणपाट वाऱ्यानं फडफडलं.

"कुठवर आलं?"

आत्ताच तोंड भरून हसलेल्या माणसानं आता डोकं कसं खाजवावं? सुताराची जीभ जड झाली आणि मग एकदम सैल झाली. "झालं," तो म्हणाला. "तिन्ही झाली."

येसूनं मान वर करून बापाकडे पाहिलं.

आजीनं फडकं पिळलं, पण हात उचलला नाही. "बघ हं, बाळा. पट्टा आहे तोवर काम तुझी वाट बघत थांबतं. एकदा पुसला, की ते थांबत नाही."

"पुसा हो तुम्ही," सुतार म्हणाला.

आजीनं तीन पट्टे पुसले. गार वाऱ्याची एक झुळूक घरात शिरली. ती बाहेर आली नाही, असं येसूनं पुढं कधीतरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सुतार संध्याकाळी वाडीवरून परतला, तर बायकोच्या चेहऱ्यावर हसू. "आज लागलात एकदाचे कामाला! दुपारभर रंध्याचा आवाज ऐकत होते. मुद्दामच मधे बोलले नाही."

सुतार मागच्या अंगाला गेला. तिथं सागाची कोरी चौकट उभी होती. खाली ढलप्यांचा ढीग होता. त्यानं चौकटीवरून बोट फिरवलं. सांधा इतका बेमालूम होता, की असा सांधा गावात एकच माणूस करू शकत होता.

तो तर दिवसभर वाडीवर होता. पण विचारणार कुणाला? विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं, की हे मी केलेलं नाही. तो हातपाय धुऊन जेवायला बसला.

आठ दिवसांत दार उभं राहिलं. मग एका संध्याकाळी येसूनं ओंजळ पुढं केली. ओंजळीत लाकडी पोपट होता. पंखावर बारीक रेघा आणि वळलेली चोच, अगदी सुताराच्या हातची.

"कुणी शिकवलं तुला?"

येसू हसली. "तुम्हीच की! रोज दुपारी हात धरून शिकवता, आणि वर मलाच विचारता?"

सुताराच्या अंगावर काटा आला. तरी दुसऱ्या दिवशी तोच पोपट खिशात घालून तो लोहाराकडे गेला, आणि "लेकीला शिकवावं तर असं" म्हणून चांगला घटकाभर बोलला. माणूस असाच असतो. भीती वाटत असतानाही फुकटची वाहवा त्याला सोडवत नाही.

महिन्याभरानं डोंगरापलीकडची गवळण कुरडयांची पुडी घेऊन आली. "तुमच्या आक्कानं दिल्यात. म्हणाली, परवा भाऊ आला, पाटावर बसून जेवला, आईची आठवण काढली. आक्का किती रडली म्हणता!"

परवा सुतार दिवसभर घाण्यावर होता. त्यानं पुडी घेतली, कुरडया तळायला दिल्या आणि गपचूप खाल्ल्या.

त्यानंतर घर त्याला हळूहळू परकं होऊ लागलं. संध्याकाळी तो पानावर बसायला जायचा, तर बायको म्हणायची, "आत्ताच जेवलात की!" पटाशी हातात घ्यावी, तर तिची मूठ गरम लागायची, जणू कुणी नुकतीच खाली ठेवली. पुढं पुढं बायकोनं उत्तरं देणंही सोडलं. रागानं नव्हे, तिला ऐकूच जाईना. वाडीवर तेल्यानं त्याच्यासमोरून पाण्याचा तांब्या नेला आणि दुसऱ्यांना दिला. रस्त्यानं जाताना ओळखीची कुत्री उठून त्याला वाट द्यायची आणि मग पाठीमागून गुरगुरायची.

कार्तिक सरत आला होता. एका दुपारी त्याला काम सुचेना. तो घाणा अर्धा टाकून घरी आला. पुढचं दार आतून लावलेलं होतं. तो मागं गेला. नवं दारही आतून बंद होतं. त्यानं कडी वाजवली.

आतून आवाज आला, "कोण आहे?"

तो आवाज सुताराचा स्वतःचा होता.

त्यानं कडीवरचा हात काढला. तेवढ्यात येसू बोलली. तिचा आवाज अगदी दमलेला होता. "कुणी नाही, बाबा. वारा असेल."

सुतार खिडकीकडे धावला. गजांतून आत पाहिलं. मागच्या दाराच्या आत आणखी एक दार होतं, त्याच्या आत आणखी एक, आणि अशी दारंच दारं खोलीत पुढं सरकत आली होती. निम्मी खोली त्यांनी खाल्ली होती. उरलेल्या निम्म्या खोलीत पोपट होते. फळीवर, चुलीच्या वैलावर, पाटावर, जमिनीवर, शेकड्यांनी. आणि त्यांच्या मधोमध त्याच्याकडे पाठ करून एक माणूस बसला होता. सुताराचाच सदरा, सुताराचेच खांदे. त्यानं आपल्या मुठीत येसूची मूठ धरली होती आणि तिच्या मुठीत पटाशी होती.

येसूचे केस कपाळाला चिकटले होते. गाल तापानं लाल झाले होते. "बाबा, हात दुखतोय," ती म्हणाली.

"चोच राहिली," तो माणूस म्हणाला.

चोच झाली. त्यानं पोपट बाजूला ठेवला आणि नवा ठोकळा घेतला. त्याचा आवाज मऊ होता आणि हात सफाईदार होता. फक्त एवढ्या वेळात त्यानं पोरीच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.

सुतार ओरडला. त्यानं गज हलवले, दारावर धडका दिल्या. आतला माणूस वळला नाही आणि येसूनंही पाहिलं नाही. तो धावत चावडीसमोरच्या विहिरीवर गेला. तिथं त्याची बायको बायकांच्या घोळक्यात रडत होती. "पोर तापानं फणफणलीय, आणि हे तिचा हात सोडायला तयार नाहीत. दहादा सांगितलं, पाया पडले. शेवटी मलाच बाहेर ठेवून कडी घातली." सुतार तिच्यापुढं उभा राहिला. "अगं, तो मी नाही! मी इथं आहे!" तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्यातून आरपार पाहावं तसं घराकडे पाहिलं.

मग तो विचारणाऱ्या आजीकडे गेला. आजी अंगणात वाती वळत होती. तिनं मान वर केली आणि डोळे बारीक केले. "कुणीतरी आलंय. नीट दिसत नाही, पण तुझी वाटच बघत होते."

"आजी, माझ्या घरात कोण शिरलंय?"

"तूच बोलावलेला," आजी म्हणाली. "काम केलं नाहीस आणि झालं म्हणालास. त्या बोलण्याला कुणी करणारा लागतो रे. तो आला. तो वाईट नाही. सांगितलं तेवढंच करतो. पण थांबायचं कुठं, ते ज्यानं काम सुरू केलं त्यालाच कळतं, आणि हे तर कुणी सुरूच केलं नव्हतं."

सुतारानं तिचे पाय धरले. "पुन्हा विचारा, आजी. आत्ताच्या आत्ता विचारा. माझी पोर मरेल."

"मी एकदा विचारलंय. आता न विचारता सांगावं लागेल. आणि माझ्यापुढं नाही. ज्यांच्यापुढं झालं म्हणालास, त्यांच्यापुढं."

तो पुन्हा विहिरीवर आला. बाजाराचा दिवस होता, सगळं गाव तिथंच होतं. सुतार विहिरीच्या कठड्यावर चढला आणि ओरडला, "ऐका हो! माझ्या पोरीला वाचवा!" कुणी वळलं नाही. "घाण्याचं काम होतं, मला वेळच मिळाला नाही, नाहीतर मी केलं असतं!" कुणी वळलं नाही. "मी मनापासून ठरवलं होतं!" एक म्हातारा त्याच्याच पायाशी बसून सुपारी कातरत राहिला.

सुताराला कळलं, की आता एकच वाक्य उरलं आहे. समोर आपल्या भात्यापाशी लोहार घण मारत होता. त्याच्यादेखत तर ते मुळीच बोलायचं नव्हतं. पण डोळ्यांपुढून येसूची मूठ हलेना.

"मागचं दार मी केलेलं नाही," तो म्हणाला.

घण थांबला. लोहाराचे कान घणाच्या आवाजानं कधीच निम्मे गेलेले, पण पहिल्यांदा ऐकलं ते त्यानंच. "कोण बोललं?" तो इकडं तिकडं पाहू लागला. त्याच क्षणी सुताराच्या घराकडून फळ्या कोसळल्याचा मोठा आवाज आला.

"आक्काकडे मी गेलेलो नाही. पाच वर्षांत एकदाही नाही." बोलताना त्याला भरून आलं. पाटावर बसून आईची आठवण काढणारा भाऊ आता बहिणीच्या मनातून पुसून जाणार, हे त्याला दिसत होतं. त्याची बायको गर्रकन वळली.

तिसरं वाक्य तो बायकोकडे पाहत बोलला. "येसूला मी एक दिवसही शिकवलं नाही. दोन वर्षं ती मागं लागली आणि मी उद्या म्हणालो. आणि मग साऱ्यांपुढं झालं म्हणून सांगितलं."

आता सगळं गाव त्याच्याकडे पाहत होतं. कुणी हसलं नाही. लोहारानं त्याला कठड्यावरून उतरवलं. "अरे, तुझे हात बर्फासारखे गार पडलेत," एवढंच म्हणाला, आणि त्याला धरून घराकडे धावला.

घराच्या भिंतीवर तीन पट्टे होते, नुकते ओढल्यासारखे ओले. मागचं दार नव्हतं, चौकट नव्हती. आतली दारं नव्हती, पोपट नव्हते. जमिनीवर गुडघाभर भुसा साचला होता आणि त्या भुशात येसू एकटीच बसली होती. पटाशीवरची तिची मूठ उघडत नव्हती. सुतार तिच्यापुढं बसला आणि त्यानं तिचं एकेक बोट सोडवलं. करंगळी शेवटपर्यंत सरळ झाली नाही.

"अजून किती पोपट, बाबा?"

"एकही नाही, बाळा."

ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही माझ्याकडे बघताय." आणि तेव्हा कुठं ती रडली.

चौथ्या दिवशी ताप उतरला. सुतारानं घाण्याचं उरलेलं काम दुसऱ्याला दिलं आणि मागचं दार करायला घेतलं. बावीस दिवस लागले. मधेच हात थांबायचा, चुकायचा. एक फळी चक्क आखूड पडली. आक्काकडे तो गेला, तर तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा गेला, तेव्हाही लावलं. तिसऱ्यांदा तिनं पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला, पण ती बोलली नाही. चौथ्यांदा म्हणाली, "ऊन फार आहे, आत ये."

येसूनं मात्र पटाशी पुन्हा हातात घेतली नाही. बापानं रंधा चालवायला घेतला, की ती उठून शेजारी जायची. सुतार रोज दुपारी एक मऊ ठोकळा आणि लहान पटाशी समोर ठेवून ओट्यावर बसायचा. तिला बोलवायचा नाही, नुसता बसायचा. ठोकळा संध्याकाळी होता तसाच आत जायचा.

वर्ष सरताना आजी विचारायला आली. गाव तिच्यामागं होतंच. सुतार उंबऱ्यात उभा राहिला, शेजारी येसू.

"कुठवर आलं?"

"दार झालं," सुतार म्हणाला. "वाऱ्यानं वाजतं, पण झालं. आक्काचं अर्धं झालंय. लेकीचं झालं नाही, आजी. आणि आता माझ्या हातून ते होईलसं वाटत नाही."

आजीनं एक पट्टा पुसला आणि दोन ठेवले. ती पुढच्या घराकडे निघाली. सुतारानं खाली हात नेला. येसू तिथंच उभी होती, पण तिनं तो हात धरला नाही.

जे झालं नाही ते झालं नाही असंच सांगावं. तेवढ्यानं ते निदान आपलं तरी राहतं.